मुलाखतीत मी हसले

माणूस आयुष्यात एकदा तरी शेण खातो. मी खाल्लं ते पंख्याखाली, इस्त्रीची साडी नेसून, समोर काजूच्या बिस्किटांची बशी असताना. आणि खाल्लं हे मला तिथल्या तिथं कळलं होतं. मागाहून उमगलं, काळानं शिकवलं, असलं काही नाही. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली. कळत नव्हतं म्हणून चुकले, असं म्हणता आलं असतं तर केव्हाच लिहून मोकळी झाले असते.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत होते. स्वभावानं तापट. पोरं मला पाठीमागं 'फोडणी' म्हणायची, ते मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. तोंडावर बोलणारी बाई म्हणून गावात माझा दरारा. एका राइस मिलवाल्याच्या पोराला मी नापास केलं होतं. मिलवाला घरी आला, तर त्याला पायरीवरूनच वाटेला लावला. तेव्हा बाई भिडस्त होती म्हणून गप्प बसली, असं कोणी समजू नये.

तर त्या वर्षी मला एक पत्र आलं. मूलपासून तासाभराच्या अंतरावर एका संस्थेनं सैनिकी अकादमी काढली होती. त्या वर्षी दहावी झालेली मुलंमुली घ्यायची, दोन वर्षं तिथं ठेवायची, बारावी करून घ्यायची आणि फौजेत अधिकारी होण्याच्या परीक्षेला बसवायची. राहणं, जेवण, कपडे, शिकवणं सगळं फुकट. घ्यायची ती फक्त चंद्रपूर-गडचिरोलीकडची, त्यातही मुलींच्या जागा दहाच. आधी लेखी परीक्षा, मग धावणं आणि उड्या, आणि शेवटी मुलाखत. मुलाखतीला शंभरातले चाळीस गुण होते. का, तर अधिकारी पाठांतरानं होत नाही, माणूस समोर बसवून पाहावा लागतो. माहितीपत्रकात तसं छापलंच होतं आणि मला ते फार पटलं होतं.

मुलाखत घेणारे तिघं. अध्यक्ष म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले एक साहेब, पुण्याकडचे. दुसरे अकादमीचे प्राचार्य. तिसरी मी. पत्रात माझ्या नावापुढं लिहिलं होतं, 'स्थानिक भाषा, चालीरीती व परिस्थितीची जाण असलेला सदस्य'. हे पत्र मी स्टाफरूममध्ये तीनदा वाचून दाखवलं. कुणी विचारलं नव्हतं तरी. नवी पर्स घेतली.

स्थानिक म्हणजे किती स्थानिक, तर मी आरमोरीकडच्या खेड्यातली. घरी धानाची शेती, आणि उन्हाळ्यात शेत रिकामं झालं की सगळं घर रानात. आधी मोहफुलं वेचायची, मग तेंदूपत्ता तोडायचा. दहाव्या वर्षापर्यंत माझ्या पायात चप्पल नव्हती. पुढं बी.एड.ला पुण्याला गेले. पहिल्याच पाठाला वर्गापुढं उभी राहून "मले वाटते" म्हणाले आणि मागच्या बाकांवर हसू फुटलं. त्या दिवशी मी कानाला खडा लावला. वर्षभरात जीभ अशी घासूनपुसून घेतली की सुट्टीत घरी आले तर आजी म्हणाली, "काऊन वं, पाहुन्यावानी बोलून राह्यली?" ती सवय अजून गेलेली नाही. आताही हे सगळं 'मला, मला' करत लिहितेय, पाहा.

मुलाखतींचा दिवस जूनचा होता. पावसाचा पत्ता नाही, ऊन कातडी सोलणारं. सकाळी चहाला साहेबांशी ओळख झाली. फार सभ्य माणूस. शिपायालाही 'अहो' म्हणत. मला म्हणाले, "तुमची मराठी किती स्वच्छ आहे. तुम्ही इकडच्या वाटतच नाही." मी लाजले. त्यांनी माझ्या वडिलांचं विचारलं तर मी म्हणाले, "शेतीवाडी होती. गावात मान होता." दोन्ही खोटं नव्हतं. पण माझा बाप डोक्यावर मोहाची टोपली घेऊन बाजाराला जायचा, ते मी गिळलं.

प्रत्येक उमेदवाराला एक प्रश्न सारखा विचारायचा, असं ठरलं. तो साहेबांनीच काढला होता. 'तू आणि तुझे चार सोबती जंगलात आहात. वाट चुकली आहे. अंधार पडायला आलाय. तू गटाचा प्रमुख आहेस. काय करशील?' प्रश्न चांगला होता. इकडच्या पोरांना जंगल जवळचं, म्हणून त्यांनी मुद्दाम तो निवडला, हेही त्यांनी मला सांगितलं. त्यांच्या मनात खोट नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन.

सकाळच्या पोरींनी धडाधड उत्तरं दिली. पहिली म्हणाली, "सर, संकटाच्या वेळी जो सर्वांत पुढे उभा राहतो तोच खरा नेता असतो. मी पुढे राहून सर्वांना मार्ग दाखवेन." दुसरीही तेच म्हणाली. तिसरीही, शब्दाला शब्द, उजवा हात छातीशी नेऊन. माझे कान तापले. ते वाक्य माझं होतं. मागं एकदा कॉलेजच्या शिबिरासाठी मी 'मुलाखतीची तयारी' म्हणून चार पानं लिहून दिली होती. त्यांच्या झेरॉक्स कुठं कुठं फिरत राहिल्या असतील, देव जाणे. साहेब दर वेळी मान डोलवत आणि लिहीत, 'आत्मविश्वास उत्तम'. वाट चुकलीय तर ही बया मार्ग दाखवणार कुठून, हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी तर मनातल्या मनात फुगले होते. आपली आपणच पाठ थोपटायला काय लागतं?

जेवणाच्या थोडं आधी ती आली. अहेरीच्याही पलीकडचं गाव, आश्रमशाळेत शिकलेली. गोंडी बोलणाऱ्या घरातली. मराठी तिनं शाळेत आणि अहेरीच्या बाजारात उचललेली. लेखी परीक्षेत मुलींत तिसरी, धावण्यात पहिली. प्राचार्यांनी कागद पाहून "अरे वा" म्हटलं. ती येऊन उभी राहिली. साहेबांनी "बस बेटा" म्हटल्यावर खुर्चीच्या काठावर टेकली आणि नजर टेबलावर ठेवली. आमच्या हातातल्या गुणपत्रकात एक रकाना होता, 'नजरेला नजर देते का'. तिकडं मोठ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलणं उद्धटपणाचं, हे मला माहीत होतं. आमच्या घरीही तेच होतं. तरी मी त्या रकान्यात शून्य मांडलं. नियम म्हणजे नियम, असं काहीतरी मनाशी म्हटलं असेन.

साहेबांनी विचारलं, फौजेत का यायचंय. सकाळपासून या प्रश्नाला देशसेवेशिवाय दुसरं उत्तर आलं नव्हतं. ही म्हणाली, "पावसात आमच्या गावचा रस्ता बंद होते. चार महिने. कोनी जास्त बिमार झालं तं हेलिकॉप्टर येते. एकडाव माह्या काकीले नेलं, लेकरू अडलं होतं. मले ते चालवाचं हाये."

साहेब पुढं झुकले. "काकी वाचली?"

"वाचली. लेकरू बी."

साहेबांनी लिहायला पेन उचललं आणि क्षणभर लिहिलंच नाही, नुसते तिच्याकडं पाहत राहिले. पोरगी जिंकत होती. मला ते दिसत होतं आणि, खोटं का बोलू, बरंही वाटत होतं. मग त्यांनी तो जंगलाचा प्रश्न विचारला.

तिला विचार करावा लागला नाही. "मी मागं राहीन."

"मागे?"

"हो. मी मागं. बाकीच्या पुढं. वाट चुकली तं..."

प्राचार्य खो खो हसले. "अगं, मग तू कसली प्रमुख? तू तर शेपूट झालीस."

आणि मी हसले.

तिचं वाक्य तिथंच अडकलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं मान वळवली आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही इथल्या. हिला काय म्हणायचंय?"

आता मला काय माहीत होतं, ते सांगते. आम्ही रानात जायचो तेव्हा बाप सगळ्यांच्या मागं चालायचा. पुढं आई नाहीतर थोरली बहीण, मधात आम्ही लहान, आणि सर्वांत शेवटी तो, खांद्यावर कुऱ्हाड. रानातली रीतच तशी. ज्याला रान सगळ्यात जास्त कळतं तो मागं. वाघ उचलतो तो शेवटच्याला, म्हणून शेवटचा माणूस सावध हवा. थकलेलं लेकरू मागं पडतं, त्याला मागच्यानंच पाहायचं. बाप दर थोड्या वेळानं खाकरायचा आणि पुढून आई "हो" म्हणायची. म्हणजे ओळ तुटलेली नाही. एकदा मी हट्ट केला, बाबा तू पुढं चाल, तू मोठा हायेस. तो म्हणाला, "पुढच्याले रस्ता दिसते, बाई. मागच्याले मानसं दिसते." आणि वाट चुकली की काय करायचं, तर तिथंच थांबायचं, जागच्या जागी वळायचं आणि आल्या पावली परत निघायचं. ओळ वळली की मागचा आपोआप पुढं होतो. आल्या वाटेच्या खुणा त्यानंच सगळ्यात शेवटी पाहिलेल्या असतात. ती पोरगी हेच सांगायला निघाली होती. त्या दिवशी त्या प्रश्नाला कुणी खरं उत्तर दिलं असेल तर तिनं एकटीनं.

हे सगळं सांगायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. त्यासाठीच तर मला बोलावलं होतं. पत्रात तसं छापून दिलं होतं आणि मी ते तीनदा वाचून दाखवलं होतं. पण सांगायचं म्हणजे साहेबांपुढं बापाच्या ओळीत अनवाणी उभं राहायचं होतं. सकाळी ज्यांनी 'तुम्ही इकडच्या वाटतच नाही' म्हटलं, त्यांना सांगायचं होतं की साहेब, मी इकडचीच आहे, याच पोरीसारखी. मागच्या बाकांवरचं ते पुण्यातलं हसू मला ऐकू आलं. किती वर्षं झाली होती, तरी आलं.

मी म्हणाले, "घाबरली असेल, सर. इकडची मुलं जरा बुजरी असतात. पुढं यायला कचरतात."

साहेबांनी "अच्छा" म्हटलं आणि लिहिलं. मी त्यांच्या पेनाकडं पाहत होते. मग समोर पाहिलं तर पोरगी माझ्याकडं पाहत होती. सरळ, डोळ्यांत. चिडून नाही, रडवेली होऊन नाही. एखादी वस्तू नीट निरखून पाहावी तसं तिनं मला पाहिलं आणि नजर पुन्हा टेबलावर नेली. तो नजरेचा रकाना मी तोवर भरून टाकला होता.

पुढचे प्रश्न प्राचार्यांनी उरकले. तिनं हो-नाहीत उत्तरं दिली आणि गेली.

जेवणाच्या सुट्टीत मी व्हरांड्यात हात धुवायला गेले. तिथं खांबाला टेकून तिची आई बसली होती, लुगडं गुडघ्यापर्यंत, हातांवर गोंदण. पोरगी नळावर पाणी पीत होती, पाठमोरी. आईला मराठी जवळजवळ येत नव्हती. मला पाहून ती उठली, बोटानं पोरीकडं दाखवलं आणि विचारलं, "बोलली?"

"बोलली," मी म्हणाले. "छान बोलली."

ती एवढी खूश झाली की तिनं बोचक्यातून पळसाच्या पानात बांधलेली टेंभरं काढून माझ्या हातात कोंबली. तेंदूची पिवळी फळं, लहानपणी आम्ही उन्हाळाभर खायचो. मी "नको, नको" केलं, पण घेतली. परत जाताना गाडीत एकटीच होते, ड्रायव्हर सोडून. सगळी खाल्ली. बियासुद्धा खिडकीबाहेर टाकल्या नाहीत, पानात परत गुंडाळून पर्समध्ये ठेवल्या. का ठेवल्या, मला सांगता येणार नाही.

यादी लागायला चार दिवस होते. चार दिवस म्हणजे काही थोडा वेळ नाही. माझ्याकडं साहेबांचा फोन नंबर होता. पहिल्या दिवशी मी म्हटलं, उद्या करू. दुसऱ्या दिवशी म्हटलं, त्यांनी स्वतःच तिला बरे गुण दिले असतील, हेलिकॉप्टरचं त्यांना आवडलं होतं. तिसऱ्या दिवशी मात्र लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, पाचच ओळी. साहेबांनी उचलला. मी म्हणाले, "सर, नीट पोचलात ना? उन्हाचा त्रास नाही ना झाला?"

ते म्हणाले, "अगदी नीट. आणि मॅडम, तुमची फार मदत झाली. स्थानिक माणूस असला की गैरसमज होत नाहीत. पुढच्या वर्षीही यायचं बरं का."

"हो सर," मी म्हणाले. कागद हातात तसाच होता. मिलवाल्याला पायरीवरून हाकलणारी बाई ती हीच.

यादीत दहा मुली होत्या. तिचं नाव खाली, प्रतीक्षा यादीत पहिलं. दोन गुणांनी गेलं. मी तिला चाळीसपैकी तेरा दिले होते. पाठ केलेलं माझं वाक्य मलाच ऐकवणाऱ्या मुलींना मी तीस-तीस दिले होते. प्रतीक्षा यादीला काही अर्थ असतो का, तर कुणी जागा सोडली तर. फुकटची जागा कोण सोडतं? आणि पुढच्या वर्षी तिला येता येणार नव्हतं, ते त्याच वर्षी दहावी झालेल्यांनाच घेत.

लेखी परीक्षेत खोटं उत्तर देणारीचे गुण जातात. मुलाखतीत खोटं मी बोलले आणि गुण तिचे गेले. लोक म्हणतात मुलाखतीत माणूस कळतो. कळत असेल. त्या दिवशी त्या खोलीत एक माणूस पुरता उघडा पडला, पण तो टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसला होता आणि त्याला गुण द्यायचा रकाना नव्हता.

पुढच्या वर्षी बोलावणं आलं. न जाता काय करते, गेले. मनात म्हणत होते, यंदा भरपाई करू, रानातली पोरं आली की त्यांच्या बाजूनं बोलू. तो जंगलाचा प्रश्न त्या वर्षी काढून टाकला होता. साहेबांनीच. 'इकडच्या मुलांना तो जड जातो असं दिसलं', म्हणाले. बोलायला जागाच राहिली नाही. संध्याकाळी शाल आणि नारळ घेऊन घरी आले. त्यानंतर गुडघ्याचं निमित्त सांगून जाणं बंद केलं. गुडघे चांगले होते.

निवृत्त झाल्यावर मूलमध्येच राहिले. यंदा फाल्गुनात बाजारात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. वन विभागात क्लार्क आहे. पाया पडला आणि म्हणाला, "बाई, आमच्याकडं एक नवी वनरक्षक आली हाये, अहेरीकडची पोरगी. मूलच्या एका बाईनं माही मुलाखत घेतली होती म्हनते. तुमीच का त्या?"

मी कांदे निवडत होते. "असेन," म्हटलं.

"हुशार हाये पोरगी. आमच्या भरतीत मुलाखत नसते, बाई. लिहाचं आन पळाचं. पयल्याच झटक्यात लागली." त्याला अभिमान वाटत होता, माझाही आणि तिचाही. तिची नेमणूक कुठल्या गावी आहे, ते मी त्याला विचारलं. मूलच्या पुढं, बसनं पाऊण तास.

महिनाभर मी गेले नाही. गेले ती मोहफुलांच्या दिवसांत. आदल्या दिवशी त्या गावात एका ओळखीच्या घरी उतरले आणि सकाळी उजाडल्यावर हातपंपाशी आले. वनरक्षक तिथंच भेटते, असं त्या घरच्यांनी सांगितलं होतं. त्या बाजूला वाघाचा त्रास वाढलेला, त्यामुळं बायका मोहफुलं वेचायला एकेकट्या जात नाहीत. सगळ्या हातपंपाशी जमतात आणि वनरक्षक त्यांना घेऊन जाते. दहाबारा बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. ती खाकीत होती, हातात काठी. अंगानं भरली होती. मला पाहिलं आणि ओळखलं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं. नमस्कार केला.

"मला जरा तुझ्याशी बोलायचंय," मी म्हणाले.

"चालता चालता बोलू, बाई. ऊन चढलं का फुलं सुकते."

तिनं बायकांची ओळ लावली. एका म्हातारीला पुढं ठेवलं, तिला झाडं माहीत होती. तरण्या बायका मधात. मला म्हणाली, "तुमी माह्या पुढं राहा." आणि स्वतः सगळ्यांच्या शेवटी उभी राहिली. येताना बसमध्ये मी जे जे घोकलं होतं, ते तिथंच विसरले.

चालू लागलो. वाळल्या पानांचा आवाज, दुसरा काही नाही. थोड्या वेळानं ती खाकरली. पुढून म्हातारी "हो" म्हणाली. माझ्या डोळ्यांना धार लागली, पण ती मागं होती, तिला माझी पाठच दिसत होती. तोंड दाखवायला नको, म्हणून तेवढं बोलता आलं.

"मुलाखतीत तू म्हणाली होतीस, मी मागं राहीन म्हणून."

"हो."

"मी साहेबांना सांगितलं, तू घाबरलीस." पुढचं वाक्य त्या जिभेवर येईना, जी मी पुण्यात घासली होती. ते दुसऱ्या जिभेनं आलं. "पन मले मालूम होतं. माहा बाप बी मागंच चालत जाय. मले सगळं मालूम होतं वं."

पाचपन्नास पावलं गेली असतील. मला वाटलं रागावली. रागावली असती तर फार बरं झालं असतं.

"मालूम हाये, बाई," ती म्हणाली. "मले तवाच समजलं होतं."

"तवाच? कसं?"

"ते सर आयकल्याबरोबर हासले. त्याईले काई मालूमच नव्हतं." बोलताना ती चढावर जराही धापत नव्हती. "तुमी नाई हासल्या आयकल्याबरोबर. तुमी आदी माह्याकडं पाह्यलं. मंग त्या साहेबाकडं पाह्यलं. आन मंग हासल्या."

मी थांबले. मागं वळून तिच्या पाया पडावं की काय, असं काहीतरी मनात आलं. तिनं काठीचं टोक हळूच माझ्या टाचेजवळ टेकवलं.

"थांबू नका, बाई," ती म्हणाली. "पुढच्या दूर जाऊन राह्यल्या."

मी चालू लागले. माझ्या मागं ती होती. तिच्या मागं कोणी नव्हतं.